फळ्यावरचा बोकड

गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर वर्लिन कॅलिस्ट टीचरनी फळा स्वच्छ पुसला आणि त्यावर धडधडीत चुकीचं इंग्रजी लिहायला घेतलं.

यात वेडेपणा काही नव्हता. हायस्कूलची प्रवेश परीक्षा तोंडावर आली होती, आणि तिच्यातल्या ‘चूक शोधा’ या प्रश्नात ग्वाव्ह या बेटावरच्या कोळीगावची पोरं दरवर्षी एकजुटीने आपटायची. दोष पुस्तकाचा आहे, असं टीचरचं ठाम मत होतं. ‘जॉन हॅव अ पेन’ म्हणे! कोण हा जॉन, आणि त्याच्या पेनाशी कोळ्यांच्या पोरांचं देणंघेणं काय? म्हणून टीचर चुकीच्या वाक्यांसाठी गावातलाच ताजा माल वापरायच्या. ‘मिस्टर बार्थलोम्यू गोट हॅव ईट ऑल अवर लेट्यूस.’ ‘द पास्टर डू स्लीपिंग इन द मीटिंग.’ ‘द मिनिस्टर हॅव टू कार.’ असली वाक्यं पाहिली की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ताठ बसायची आणि चुका पटापट सापडायच्या.

फळ्याच्या माथ्यावर टीचरनी ठळक अक्षरांत ‘चूक शोधा’ असं लिहिलेलं होतं. पण स्वातंत्र्यदिन जवळ आला होता. मुख्याध्यापक रेडहेड स्वतः स्टुलावर चढले आणि लाल-पिवळ्या-हिरव्या पताकांची झालर नेमकी फळ्याच्या माथ्यावर ठोकून गेले. ‘चूक शोधा’ देशभक्तीच्या आड गेलं. वर्गातल्या पोरांना काय लिहिलंय ते ठाऊक होतं, त्यामुळे टीचरनीही ते मनावर घेतलं नाही.

शाळा सुटताना आल्बन दारात आला. आल्बन मिनीबस चालवायचा. त्याच्या लेकीला गालगुंड झालं होतं आणि तिचा अभ्यास बुडत होता.

“टीचर, आजचं काय ते सांगा पटकन. बस चालू ठेवून आलोय, लोकं बोंबलतायत.”

“फळ्यावर आहे सगळं. नीट बघून घे.”

आल्बनने नीट बघितलं नाही. त्याने मोबाइल उंचावला, एक फोटो काढला आणि पळाला. वाटेत त्याला वाटलं, आणखी दोन-चार पोरं आजारी आहेत, त्यांचंही भलं व्हावं. त्याने तो फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली स्वतःच्या मनाने लिहिलं: ‘आजचा गृहपाठ. टीचर म्हणाल्या, तोंडपाठ करा.’

संध्याकाळी ग्वाव्हच्या घराघरांतून पोरं ‘द मिनिस्टर हॅव टू कार’ घोकू लागली. एका आईला शंका आली. तिने फोटो राजधानीतल्या बहिणीला पाठवला. बहिणीने तो ब्रुकलिनच्या मावशीला पाठवला. या बेटावरची कुठलीही बातमी ब्रुकलिनला जाऊन आल्याशिवाय खरी मानत नाहीत. मावशीने तिकडून डोक्याला हात लावलेली पाच चित्रं जोडली आणि पहाटेपर्यंत फोटो रेडिओवर ब्रदर अँसेलच्या टेबलावर हजर झाला.

ब्रदर अँसेलचा सकाळचा कार्यक्रम म्हणजे बेटाचं कोर्ट. लोक फोन करायचे, आरोप करायचे, निकालही तेच द्यायचे. नियम एकच होता, कुणाचं नाव घ्यायचं नाही.

“मी नाव घेणार नाही,” ब्रदर अँसेल गोड आवाजात म्हणाले. “पण किनाऱ्यावरच्या एका गावात, जिथे शुक्रवारी मासे भाजतात, तिथल्या शाळेत एक टीचर आहेत. बारीक चणीच्या. हिरवी छत्री वापरतात. चर्चमध्ये डावीकडच्या दुसऱ्या बाकावर बसतात. त्यांचं नाव मी मुळीच घेणार नाही.”

वर्लिन टीचरच्या हातातला कोकोचा कप तसाच राहिला.

पहिला फोन एका रडवेल्या बाईचा. “ब्रदर अँसेल, आम्ही पोटाला चिमटा काढून पोरं शाळेत घालतो, आणि तिथे हे शिकवतात? एवढं तर आमचं पोरगं घरात फुकट शिकतं!”

दुसरा फोन शेजारच्या बार्थलोम्यूचा. त्याने व्याकरणाला हातच लावला नाही. “माझं नाव फळ्यावर लिहिलंय, म्हणून मी बोलतोय. माझा बोकड बांधलेला होता! साक्षीदार आहेत!”

तिसरा माणूस शांतपणे म्हणाला, “ब्रदर अँसेल, ते मंत्र्यांचं वाक्य चुकीचंच आहे.”

“तेच म्हणतोय मी. केवढी घोडचूक!”

“दोन नाहीत, तीन गाड्या आहेत. तिसरी मेहुणीच्या नावावर आहे.”

तिथून सूत्रं व्याकरणाच्या हातातून सुटली. आठ वाजेपर्यंत बेटावर कुणीही चूक शोधत नव्हतं, जो तो फळ्यावर स्वतःला शोधत होता. पास्टरनी खुलासा केला की आपण सभेत झोपत नाही, डोळे मिटून चिंतन करतो. ते ऐकून उरलेल्यांचीही खात्री पटली.

टीचर शाळेत पोचल्या त्या तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या.

“सर, तुम्ही काल वर्गात होतात. मथळा होता हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमची पताका त्याच्यावर आली.”

रेडहेड सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. “माझी पताका? मिस कॅलिस्ट, पताका देशाची आहे. तिच्यावर आरोप करताय तुम्ही?”

“आरोप नाही हो! एवढंच सांगा ना रेडिओवर, की ती चुकीची वाक्यं होती.”

“ते तर सगळ्यांना कळलंय की.”

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. टेकडीवरच्या ऑफिसातून शिक्षणाधिकारी बब साहेब बोलत होते. रेडहेड सर खुर्चीतून उठून उभे राहिले, तीन वेळा ‘येस सर’ म्हणाले आणि विस्तव धरल्यासारखा रिसीव्हर टीचरच्या हाती दिला.

“मिस कॅलिस्ट,” बब साहेब म्हणाले, “मंत्र्यांच्या गाड्या मोजायचं काम खात्याने तुम्हाला दिलं होतं का?”

“सर, तो व्याकरणाचा...”

“सोमवारपर्यंत हे मिटलं पाहिजे. नाही मिटलं, तर पलीकडच्या कॅरियाकू बेटावरच्या शाळेला इंग्रजीची शिक्षिका हवीच आहे.”

टीचरनी रिसीव्हर खाली ठेवला. कॅरियाकूबद्दल त्यांची तक्रार काही नव्हती. माणसं चांगली, हवा चांगली, मासे तर ग्वाव्हपेक्षाही ताजे. तक्रार होती ती मधल्या समुद्राबद्दल. टीचर कोळ्याच्या पोटी जन्मल्या होत्या आणि त्यांना बोट लागायची. साधी लागायची नाही, धक्क्याला बांधलेल्या होडीत बसूनही त्यांनी एकदा भाच्याच्या बारशात सगळ्या पाहुण्यांसमोर पोट रिकामं केलं होतं. आणि कॅरियाकूच्या वाटेवर पाण्याखाली ज्वालामुखी होता, तिथे मुरलेले खलाशीसुद्धा दांडा धरून उभे राहत. तिकडे बदली म्हणजे एकदा जाऊन चालणार नव्हतं. म्हातारी आई ग्वाव्हला, म्हणजे दर सुट्टीला येणं आणि दर सुट्टीला जाणं आलं. टीचर खरोखर घाबरल्या.

त्यांनी आल्बनला बसथांब्यावर गाठलं. “तू घातलेला गोंधळ तूच निस्तर. रेडिओला फोन कर आणि सांग, टीचरनी त्या चुका मुद्दाम लिहिल्या होत्या.”

“करतो की टीचर! तुमच्यासाठी काय पण!”

आणि त्या भल्या माणसाने उतारूंनी भरलेली बस चालवता चालवता फोन केला. “ब्रदर अँसेल, मी पालक बोलतोय. टीचर निर्दोष आहेत. त्यांनी मला स्वतः सांगितलं, की हे सगळं त्यांनी मुद्दाम केलंय!”

“मुद्दाम?” ब्रदर अँसेलचा आवाज घोगरा झाला.

“एकदम मुद्दाम! दरवर्षी करतात!”

इतक्यात पुढे गाय आडवी आली आणि फोन कटला. पुढचा तासभर बेटावर ‘मुद्दाम’ हा एकच शब्द गाजला. एकीने तर यामागे परकी शक्ती असल्याचं सांगितलं.

आता दुसऱ्या कुणावर विसंबण्यात अर्थ नव्हता. सोमवारी सकाळी टीचरनी इस्त्रीचा पांढरा ब्लाउज घातला, जणू रेडिओवर दिसणारच होता, आणि स्वतः फोन लावला.

“सुप्रभात, ब्रदर अँसेल. सुप्रभात, श्रोतेहो,” त्यांनी सुरुवात केली. इंग्रजी असं की कुठे सुरकुती म्हणून नाही. पताका, मथळा, प्रवेश परीक्षा, चुकांमधून शिकण्याची पद्धत, सगळं त्यांनी ओळीने मांडलं. एकही क्रियापद जागचं हललं नाही. बाजारातल्या बाया रेडिओचा आवाज बारीक करून माशांचे भाव करायला लागल्या. ब्रदर अँसेलना जांभई आली, आणि कार्यक्रम हातचा जातोय हे ओळखून त्यांनी दुसरी लाइन जोडली.

“टीचर,” बार्थलोम्यूचा आवाज आला, “माझा बोकड लेट्यूस खात नाही. त्याला पचत नाही.”

“मिस्टर बार्थलोम्यू, ते वाक्य केवळ उदाहरणादाखल होतं.”

“मग तुमच्या आईचं उदाहरण द्यायचं! आणि त्या म्हातारीच्या बागेत होतंच काय खायला? चार वाळकी पानं. बोकडाने उपकार केले, साफ करून दिली!”

 मग वर्लिन टीचरच्या तोंडून शाळा, कॉलेज आणि वीस-बावीस वर्षांची नोकरी गळून पडली आणि आतून बंदरावरची वर्लिन बाहेर आली. इंग्रजी कुठल्या कुठे गेलं. उरली ती ग्वाव्हच्या मासळीबाजाराची अस्सल घरगुती बोली.

“ए बार्थलोम्या! मेल्या, माझ्या आईचं नाव काढतोस? त्या बाईने कंबर मोडेपर्यंत पाणी घालून वाढवलेली पानं ती! तुझ्या बोकडाला पचत नाही होय? मग परवा माझ्या पायरीवर हिरवं हिरवं काय टाकून गेला तो, तुझ्या बापाची इस्टेट? बोकड बांधायला दोरी मागायला आलास तीसुद्धा माझ्याच दारात! ती दोरी अजून दिली नाहीस, दाढीवाल्या! तुझ्यात आणि बोकडात फरक एवढाच, की तो निदान दाढी विंचरतो! ये इकडे, तुला उभा चुकीचा करते आणि मग पोरांकडून दुरुस्त करून घेते!”

फोन आपटल्याचा आवाज सगळ्या बेटाने ऐकला. 

घरी टीचरनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सगळं संपलं होतं. जिने बेटाला शुद्ध बोलायला शिकवायचं, तिने बेटासमोर असलं बोलावं! त्यांनी पलंगाखालून बॅग ओढली आणि ओकारीसाठी प्लास्टिकच्या पिशव्या मोजून आत ठेवायला लागल्या. आई दारात उभी होती. तिला मात्र लेकीचा एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता.

“टीव्ही बंद, मी रेडिओच ऐकत जाईन आता,” ती म्हणाली.

रेडिओवर फोनची रांग लागली होती. बाजारातल्या टँटी मेरिसने, म्हणजे सगळ्यांच्या मावशीने, आधी पोटभर हसून घेतलं. “अगं बाई, ही तर आपली पोर निघाली! इतका वेळ मला वाटलं कुणी लंडनची मडम व्याख्यान देतेय. त्या मेरी कॅलिस्टची लेक ना ही? तीच धार!”

“अशी टीचर हवी पोरांना,” दुसरी म्हणाली. “पहिल्या दिवशी चिडलेली मी. पण जी आईसाठी एवढी भांडते, ती पोरांना काय चुकीचं शिकवणार?”

“आणि कुणी म्हणतंय हिची बदली करणार?” टँटी मेरिस पुन्हा लाइनवर आली. “बदली कसली करता? हिला मुख्याध्यापिका करा! खुर्चीवर कोण बसलंय तिथे सध्या? पताका लावणारा?”

दुपारपर्यंत ती मागणी बेटभर झाली. आल्बनने बसच्या काचेवर लिहून लावली. बार्थलोम्यूनेही फोन करून पाठिंबा दिला आणि दोरी परत करायचं कबूल केलं. त्याला पहिल्यांदाच कुणी एवढा वेळ देऊन बोललं होतं.

मंगळवारी बब साहेब स्वतः शाळेत आले. रेडहेड सरांनी दोन्ही हातांनी आपली खुर्ची धरून ठेवली होती. टीचर बॅग घेऊनच आल्या होत्या.

“मिस कॅलिस्ट, अभिनंदन!” बब साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. “जनतेच्या भावनेपुढे खात्याने मान झुकवली आहे. तुम्हाला मुख्याध्यापिका केलंय.”

टीचरनी बॅग खाली ठेवली. आयुष्यात हे पद मिळेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. डोळे भरून आले. “सर... आणि कॅरियाकूची ती बदली?”

“छे छे! ती शिक्षिकेची बदली होती. ती कालच रद्द केली. प्रश्नच नाही.”

रेडहेड सरांचा चेहरा उतरला. “म्हणजे सर, या शाळेत...”

“तुम्ही आहात की इथे, मिस्टर रेडहेड. बसा.” बब साहेब खिडकीशी गेले आणि समुद्राकडे बघत राहिले. “मुख्याध्यापकाची जागा सध्या बेटांवर एकच रिकामी आहे.”

 टीचरही समुद्राकडे, कॅरियाकूच्या दिशेने बघू लागल्या.

नाही म्हणायची सोय नव्हती. निघायच्या दिवशी धक्क्यावर अर्धं ग्वाव्ह जमलं. ब्रेडफ्रूट, म्हणजे नीरफणस, आणि नारळाच्या दुधाचं भलं मोठं पातेलं चढलं, ढोल वाजले, आणि टँटी मेरिसने टीचरना बळेबळे दोन ताटं खाऊ घातली. ब्रदर अँसेलनी थेट प्रक्षेपण केलं. नाव घ्यायची पहिल्यांदाच मुभा होती, त्यामुळे त्यांनी ते मिनिटाला दोनदा घेतलं.

ज्वालामुखीच्या पाण्यापाशी बोट एका कुशीवर झाली. मुख्याध्यापिका वर्लिन कॅलिस्ट कठडा धरून वाकलेल्या होत्या. शेजारची कॅरियाकूची म्हातारी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. रेडिओ तिनेही ऐकला होता. एवढ्या मोठ्या बाईशी आपल्या बोलीत कसं बोलायचं, म्हणून ती बिचारी शब्द जुळवून जुळवून शुद्ध इंग्रजीत धीर देऊ लागली.

एका वाक्यात चार चुका झाल्या. टीचरनी महत्प्रयासाने मान वर केली, एक बोट उगारलं आणि त्या दुरुस्त करायला तोंड उघडलं. बाहेर मात्र शब्द आले नाहीत, टँटी मेरिसची दोन ताटं आली.

म्हातारीने उरलेला प्रवास बोटीच्या दुसऱ्या टोकाला बसून केला.