कंडक्टरचं तोंड आलं

दुष्काळाच्या त्या साली रेशनच्या दुकानात मिलो आला, तेव्हा पाथरीच्या बन्सीधर कंडक्टरने एक लहानसा निर्णय घेतला. आपण मिलो खायचा नाही.

मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची, भाजताना चिरायची आणि गिळताना माणसाला स्वातंत्र्याचा विचार करायला लावायची. तरी लोक खात होते, कारण दुसरं काही नव्हतं. बन्सीधरने मात्र रेशनच्या रांगेतच, थांब्यांची नावं पुकारायच्या आवाजात जाहीर केलं, "तिकडं डुकराला घालतेत म्हनं हे! मेलो तर बेहत्तर, पर मिलो खानार न्हाई!"

रांगेने टाळ्या वाजवल्या. (टाळ्या वाजवून रांगेने मिलो घेतला आणि ती घरी गेली. अडकला तो बन्सीधर.)

"मग खाताव काय?" बायकोने, चांगुणाबाईने विचारलं.

"च्या हाय की स्टँडवर. बेकरीचे बटर हायेत."

झालं. सकाळी चहा-बटर, दुपारी बटर-चहा. कधी मिळालाच तर पांढरा भात. काही आठवड्यांत बन्सीधरची जीभ लालभडक आणि गुळगुळीत झाली, ओठांचे कोपरे चिरले. पाणी प्यायलं तरी डोळ्यांतून पाणी येई. आणि ज्या आवाजावर अख्खा डेपो फिदा होता, तो आवाज गेला. म्हणजे आवाज होता, पण ओठ मिटत नसल्यामुळे अक्षरं सांडत होती.

"आनवत! आनवत!" तो मानवतच्या थांब्यावर ओरडला.

"काय आनवत न्हाई?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"आनवत आलं!"

"आनवत न्हाई तं ठिवा की खाली."

बन्सीधरने कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या हाताने घंटी. मानवतची माणसं पुढच्या फाट्यावर उतरली. उतरताना ती जे बोलली ते अगदी स्पष्ट ऐकू आलं.

शेवटी तो गुपचूप सरकारी डॉक्टरकडे गेला. गुपचूप, कारण बन्सीधरचा दुसरा एक बाणा होता. जन्मल्यापासून त्याने औषधाची गोळी गिळली नव्हती, आणि हे तो ओळख होताच सांगत असे.

डॉक्टरांनी जीभ पाहिली. "ब जीवनसत्त्व कमी पडलंय. या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घ्या. शिवाय भाकरी, डाळ, शेंगदाणे, पालेभाजी खा."

"भाकर कशाची?"

"मिळेल त्याची. मिलोची का असेना."

"मिलो सोडून बोला, डाक्टरसाहेब."

"अहो, नुसत्या गोळ्यांवर गाडी किती दिवस ढकलाल?"

"ढकलून नेतो की शेवटच्या थांब्यापस्तोर," बन्सीधर म्हणाला. (ऐकायला ते 'थांयाअस्तोर' असं आलं, पण बाणा कळला.)

गोळ्या त्याने तिकिटाच्या पेटीत, तिकिटांच्या गठ्ठ्याखाली लपवल्या. त्या दिवशी गाडीच्या आडोशाला पहिली गोळी गिळली आणि दुसऱ्या सकाळी त्याच आडोशाला उभं राहून खाली पाहिलं. लघवी पिवळीजर्द. लग्नातल्या हळदीसारखी.

तो घरी आला तो भिंत धरूनच. "चांगुणा, मला कावीळ झाली."

"अगं बया! कशानं?"

कशाने ते कसं सांगणार? गोळी कबूल केली असती तर जन्माचा बाणा गेला असता. "अशीच झाली," तो म्हणाला.

चांगुणाबाई पदर तोंडाला लावून तडक परसात गेली. तिचे खांदे हलत होते. बन्सीधरला भरून आलं. बिचारी रडायलीय!

मग तिने वालूरला निरोप धाडून आपल्या मावशीला, दगडाबाईला बोलावून घेतलं. मावशीने आल्या आल्या बन्सीधरच्या पापण्या ओढल्या, जीभ बघितली आणि चुलीत उलथणं सारलं.

"कावीळ लय भरली हाय. मनगटावर डाग द्यावा लागंल, जावईबापू."

बन्सीधर खाटेवर चढून उभा राहिला. "हात लावून बघा!"

"बरं, डाग ऱ्हाऊ द्या. पथ्य तरी पाळा. डाळ बंद, शेंगदान्याची चटनी बंद, पाल्याची भाजी बंद. अन् मिलोच्या भाकरीचा कुटका बी तोंडात घालायचा न्हाई."

"अन् घातला तर?"

"तुमच्याच्यानं व्हायचं न्हाई. तुमचं अंग नाजूक."

नाजूक! रोज भरल्या गाडीत कोपराने वाट काढणाऱ्या माणसाला! "चांगुणा, वाढ!" तो गरजला.

ताट वाढलेलंच होतं. (असं कसं, हा प्रश्न त्याला पडला नाही.) लाल भाकरी, डाळ, चटणी, भाजी. पहिल्या घासाला जिभेवर निखारा ठेवल्यासारखं झालं, पण मावशी समोर बसून "अगं अडव त्येन्ला, मरतेल की!" म्हणून ओरडत होती. ती ओरडेल तसा त्याचा घास मोठा होत गेला. दुसरी भाकरी तर त्याने केवळ तिच्या तोंडाकडे बघत संपवली.

मावशी मुक्कामाला राहिली. ती रोज बंदी घाली, हा रोज मोडी. सकाळी मात्र, कावीळ तर झालीच, आता भ्यायचं कशाला म्हणून, तो गाडीच्या आडोशाला गोळीही गिळे. जीभ निवली, ओठ मिटू लागले. "मिलोला म्या शरन गेलो न्हाई," त्याने ड्रायव्हरला बजावलं, "हुकूम मोडायला खाल्ला!"

मावशी परत निघाली तेव्हा वालूरच्या गाडीवर बन्सीधरचीच ड्यूटी होती. आवाज असा परतला होता, की रस्त्याकडेची शेळी दचकत होती. त्याने सगळ्या गाडीला आपला पराक्रम ऐकवला, काविळीचं औषध देणाऱ्या या मावशीचं पथ्य मोडूनच आपण बरे झालो म्हणून.

वालूरचीच गीताबाई मावशीच्या शेजारी बसली होती. तिने डोळे विस्फारले. "काविळीचं औषध? या दगडाबाईनं? हिनं कोंबडीला बी कधी औषध दिलं न्हाई!"

"म्या कशाला देऊ?" मावशी म्हणाली. "पिवळं तर गोळ्यानं हुतंय, डाक्टरनंच सांगितलं चांगुणाला. तिला पेटी पुसताना घावल्या हुत्या गोळ्या. आमच्या जावयाला खा म्हनलं की खात न्हाईत, नगं म्हनलं की ताट चाटून पुसून खातेत. म्हनून तर तिनं मला बलवलं."

गाडी खदखदून हसली. बन्सीधरने तोंड उघडलं. तोंड पूर्ण बरं झालेलं होतं, पण त्यातून पुढच्या फाट्याचं नाव तेवढं निघालं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक बाई म्हणाली, "मावशी, आज आमच्या फाट्याला उतरा की! आमच्या घरी बी असंच एक ध्यान बसलंय, मिलोला हात लावीना."

"तिकीट वालूरचं हाय!" बन्सीधर ओरडला. "मधी कुनी उतरायचं न्हाई!"

मावशीने त्या बाईला डोळा घातला आणि मोठ्याने म्हणाली, "नगं बाई. जावईबापूंनी हात जोडले तरी म्या या फाट्याला उतरनार न्हाई."

"कशी उतरत न्हाई तेच बघतो!" बन्सीधरने खाडकन घंटी ओढली.

गाडी थांबली. मावशी गठुडं घेऊन सावकाश उतरली, मागोमाग ती बाईही, आणि दार लावून घेतल्यावरच बन्सीधरच्या लक्षात आलं की सगळी गाडी आपल्याकडे का बघायलीय.