भैयाजींचा कॉफी रंगाचा सूट

"चंद्रावर जाणाऱ्याचा सूट जपला, त्यात काय मोठं? आमच्या तानानं माह्या लग्नाचा सूट पंचेचाळीस वर्ष जपला! तोबी बिना एसीचा!"

भैयाजी भर हॉलमध्ये असं बोलून बसले आणि तिथेच घोळ झाला.

सिंदी मेघेच्या शाळेत त्यांचे शेजारी प्रभाकरराव सर यांनी प्रदर्शन भरवलं होतं. पहिल्या अंतराळवीरांच्या सुटाची हुबेहूब नक्कल, चंद्रावर दगड फोडायच्या हातोडीची नक्कल आणि मधोमध काचेच्या पेटीत अंतराळवीराचा एक खराखुरा हातमोजा. सरावात वापरलेला, बाहेरून मागून आणलेला. सर पांढरे सुती हातमोजे घालून सांगत, "जुनं रबर पापडासारखं तडकते. त्याले ऊन चालत नाई, घाम चालत नाई. घडी त घालाचीच नाई!"

मे महिना, त्यात हॉलला एसी. सगळं गाव तिकडे लोटलं. एरवी संध्याकाळी भैयाजी गंजभर, म्हणजे मोठं पातेलंभर, चहा मांडायचे आणि चार माणसं त्यांच्या ओट्यावर टेकायची. बायको तानाबाई गेल्यावर तेवढाच आधार होता. आता तीही माणसं तिकडे! भाजीची वाटी आणून देणाऱ्या सुलोचनाबाईसुद्धा! भैयाजींच्या पोटात दुखायला लागलं. एका हातमोज्याला एसी आणि जित्या माणसाला गळका कूलर!

"मंग आणा न तुमचा सूट," सर हसून म्हणाले. "रविवारी बाजूची पेटी रिकामी करून देतो."

"आणतोच! तुमच्या मोज्याले कुत्रं हुंगणार नाई सर!"

सुलोचनाबाईंनी घरी येताना हळूच म्हटलं, "भाऊजी, एक डाव तानाची लोखंडी पेटी उघडून त पाहा."

"काऊन? तानावर भरोसा नाई का तुमचा?"

सुलोचनाबाई भराभर पुढे चालू लागल्या.

भैयाजींनी पेटी उघडली नाही. हाताचा घाम लागेल, असं सांगितलं. खरं म्हणजे अकरा महिन्यांत तिच्या पेटीला त्यांचा हातच गेला नव्हता.

रविवारी पेटी ऑटोत बसून हॉलमध्ये आली. सरांनी पाटी लिहून ठेवली होती : 'विवाहाचा सूट, १९७९. जतन : तानाबाई.' भैयाजींनी सरांचे पांढरे मोजे चढवले. झाकण उघडलं. कडुनिंबाच्या पाल्याचा भुगा उडाला, पुढचे दोघे शिंकले! आत लुगड्याचं गाठोडं. त्यात चादर. चादरीत वर्तमानपत्र. कांदा सोलावा तसं सोलत गेले आणि शेवटी निघाला एक टाय. कॉफी रंगाचा.

"बाकीचा?" सरांनी विचारलं.

"खाली असन."

खाली पेटीचं बूड होतं.

"भाऊजी," सुलोचनाबाईंना राहवेना, "सूट तिनं भांडेवालीले देल्ला! बारा वर्ष झाले. तुम्ही आष्टीले गेलते तवा. मीच होती संग."

"काऊन देल्ला?"

"भांडेवाली बेलबॉटम पाहून म्हणे, एका पायात दोन पोट्टे मावतीन! गंज देल्ला त्याच्यावर. टाय नाई घेतला. म्हणे, याचं काय करू? त हिनं ठेवला जपून."

"कोणता गंज?"

"तुम्ही रोज चहा मांडता, तोच!"

हॉल नुसता फुटला! प्रभाकरराव मिशीत हसू दाबत होते. ते हसू पाहिलं मात्र, भैयाजी तडक घरी गेले, गंज आणला, काचेच्या पेटीत ठेवला आणि त्याच्या गळ्यात टाय बांधला. पाटी तीच!

झालं! बायका गंजाभोवती गोळा झाल्या. कोणी नवऱ्याच्या सफारीवर परात घेतली होती, कोणी शेरवानीवर डबा. हातमोज्यापाशी एक माणूस उरला नाही. सरांचं तोंड उतरलं.

"भैयाजी, उद्या न्या हा गंज."

"नाई सर. हात नका लावू. घाम लागन!"

भैयाजी छाती काढून घरी गेले. ओट्यावर आज चार नाही, अकरा माणसं बसली होती. सगळी चहासाठी! पाच मिनिटांत भैयाजी घामाघूम होऊन हॉलच्या दारात.

"सर, पेटी उघडा न. लोकं बसून राह्यले, चहा कायच्यात मांडू?"

सरांनी सूड उगवला. "मोजे घालून उचला! ऐतिहासिक वस्तू हाये!"

भैयाजींनी मुकाट्याने मोजे घातले. ते त्यांनी अजून परत केलेले नाहीत. गरम गंज उतरवायला बरे पडतात.