धाकटीची चूक

धाकट्या जावेला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत चिकटवलं थोरलीनेच, आणि तेव्हापासून ती स्वतःलाच शिव्या देत होती. वर्षाच्या आत धाकटी साहेबांच्या गळ्यातला ताईत झाली. घरीही तीच तऱ्हा. सासूबाईंना चहासुद्धा धाकटीच्याच हातचा लागायचा. थोरलीचा नुसता जळफळाट होई.

आता तर हद्दच झाली. गाळणीच्या नव्या खोलीचा ताबा दोघींपैकी एकीला मिळणार होता. साहेबांनी दोघींना एकाच तलावाचं तांबूस पाणी दिलं. ते बारीक छिद्रांच्या मेम्ब्रेनमधून दाबाने गाळायचं. कुजल्या पाल्याचा मोठा अंश वर अडकतो, बारीक अंश खाली उतरतो आणि कशात किती सेंद्रिय माल आहे ते यंत्र सांगतं.

धाकटी सकाळपासून मेम्ब्रेनच्या चकतीतून नुसतं शुद्ध पाणी सोडत बसली होती. थोरलीच्या मनात उकळ्या फुटल्या. बसू दे खेळत, असं म्हणत तिने पाकिटातून कोरी चकती काढली, भांड्यात बसवली आणि तलावाचं पाणी ओतून मोकळी झाली.

यंत्राने आकडा दाखवला मात्र, तिचं तोंड उतरलं. गाळलेलं पाणी न गाळलेल्यापेक्षा घाण! पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. हे उद्योग कोणाचे, हे सांगायला ज्योतिषी नको होता. ती तडक साहेबांकडे गेली.

"माझ्या पाण्यात कोणीतरी काहीतरी मिसळलंय. नाव घेत नाही, पण घरचंच माणूस आहे."

साहेब धाकटीला घेऊनच टेबलाशी आले. धाकटीने रिकामं पाकीट उचललं, शुद्ध पाण्याचं कोरडं ठणठणीत भांडं पाहिलं आणि मग थोरलीकडे पाहिलं. त्या नजरेसरशी थोरलीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चकती वाळून तडकू नये म्हणून तिला ग्लिसरीन लावलेलं असतं. ते आधी धुऊन काढलं नाही, तर यंत्र तेही मोजतं. धाकटीला हे शिकवलं होतं तिनेच. आता धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"साहेब, चूक माझी आहे," धाकटी म्हणाली. "ताईंची चकती मी धुऊन ठेवणार होते. राहूनच गेलं."

साहेब गहिवरलेच. चूक कबूल करायला केवढं मोठं मन लागतं, असं चारचौघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले आणि नव्या खोलीची किल्ली त्यांनी धाकटीच्या हातावर ठेवली.

थोरली तरातरा घरी आली. सासूबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा तिचा बांध फुटला.

"व्हायचंय काय? एक चूक तेवढी माझी स्वतःची होती, तीही हिने नेली."