नेमिनाथांच्या उशाखालचा डॅगर

महाराजांच्या राज्यात हरणं धरायला चित्ते आहेत आणि गुन्हेगार धरायला मी आहे, ज्ञानू गुप्तहेर. शिकारीला नेताना चित्त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात; आमची चिमणाबाई म्हणते, पट्टी दोघांच्याही डोळ्यांवर असते. बायकोचं काय मनावर घ्यायचं!

शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी नेमिनाथ त्या दिवशी सकाळीच घामाघूम होऊन आले. त्यांची मुंबईची इंग्रजी पत्रं मीच वाचून देतो. आज त्यांच्या हातात इंग्रजी चिठ्ठी होती, बायकोच्या, राजमतीच्या, पेटीत सापडलेली. मी भिंग लावून अर्थ सांगितला : 'माझ्याकडे डॅगर आहे. डॅगर धारदार आहे. डॅगर नवऱ्याच्या उशाखाली आहे. नवऱ्याला डॅगर दिसत नाही.'

"डॅगर म्हंजे?"

"खंजीर."

नेमिनाथ मटकन खालीच बसले. ज्या जैन घरात कांदासुद्धा चिरत नाहीत, तिथं खंजीर!

मी तडक त्यांच्या घरी जाऊन उशी फाडली. कापूस निघाला. म्हणजे बाई हुशार, खंजीर हलवला. तीन ढेपा फोडल्या. गूळ निघाला. म्हणजे बाई फारच हुशार. तोवर नेमिनाथांनी बैलगाडी बोलावून राजमतीची पेटी चढवली होती, कायमचं माहेरी धाडायला. ती उंबऱ्यात रडत विचारत होती, माझं चुकलं काय? आरोपीला काही सांगायचं नाही, असा माझा सक्त हुकूम होता.

तेवढ्यात बांगड्या भरणारी रोशनबी आली. माझ्या हातातली चिठ्ठी बघून तिनं टोपलीतून स्वतःची पाटी काढली. पाटीवर तीच चार वाक्यं.

"शाळंतल्या बाईंच्या घरी दुपारी आमी इंग्रजी शिकतो. बाई शब्दाचा अर्थ सांगून फळ्यावर चार वाक्यं लिवत्यात, पाचवं जिचं तिनं करायचं. मागल्या आठवड्यात नवरा झाला, आता डॅगर चाललाय."

नेमिनाथांनी राजमतीला विचारलं, मग लपवलंस का?

"पत्रं घिऊन तुमी ह्या गुप्तहेरांच्या दारात ताटकळताय, ते मला बघवंना. नीट वाचाय आलं की सांगणार हुते."

नेमिनाथांचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतः पेटी उतरवली आणि खिशातलं मुंबईचं पत्र तिच्या हातात दिलं.

मी घसा साफ करून म्हणालो की बायकांना असली वाक्यं शिकवूच नयेत. रोशनबी हसली. म्हणाली, तुमच्या चिमणाबाईचं पाचवं वाक्य तर बाईंनी समद्यांना वाचून दाखवलं.

चिमणाबाई? बरोबर, दुपारी मी झोपलेला असतो.

"काय लिवलंय तिनं?"

"आमच्या घरात डॅगर असता, तरी माझ्या नवऱ्याला सापडला नसता."