शेंबडाने राज्य राखिल्याची हकीकत

श्रीपोटोबा समर्थ. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी आतड्याकाठच्या राज्यात दोघा शेजाऱ्यांनी पैज लाविली, ते वर्तमान ऐसे जे. भिंतीलगत गिळोजीराव राहत, रोगजंतू दिसला की अख्खा गिळून ढेकर देणे हाच त्यांचा पराक्रम. आणि शेजारी चिकटाबाई, ज्या दिवसभर बुळबुळीत शेंबूड काढून भिंत सारवीत. ते समयी बिनधुतल्या गाजरावरून आलेला जंत आत वाढून दोरखंडाएवढा जाहला आणि राज्याचे अन्न परभारे खाऊ लागला, प्रजा उपाशी मरू लागली. मग गिळोजीराव मिशीस पीळ देऊन बोलले, "बाई, तुमचं सारवण राहू द्या! याला मी एका घासात गिळतो. गिळला तर तुम्ही गल्ली सोडायची."

बाई म्हणाल्या, "आणि नाही गिळवला तर भर चौकात माझा शेंबूड तोंडाला फासून घ्याल ना, राव?"

"घेईन की! दोन्ही गालांना!"

मग रावांनी जबडा वासून शेपटाचे टोक धरिले, आणि जंत केवढा, राव केवढे! हत्तीच्या शेपटास गोचीड लागावी तैसे लोंबकळत राहिले आणि जंतास खबरही नाही. तेव्हा चौकीवरचे शेंडोपंत, ज्यांची शेंडी सदा आतड्याच्या पाण्यात बुडालेली, त्यांनी शेंडीनेच परक्याची चव ओळखून आरोळी ठोकिली, "अहो, गिळताय काय त्याला, घालवा! चिकटाबाई, सोडा शेंबूड!" आणि हाक फिरताच एका चिकटाबाईच्या गल्लीभर चिकटाबाया जाहल्या आणि शेंबडाचा पूर लोटला, मग भिंतीआड पहाऱ्यास बसलेल्या दारूगोळेवाल्यांनी आपली कोठारे फोडिली तेणेकरून भिंतीतून पाणी पाझरले, आणि जंत मारण्यासच राखलेल्या राज्याच्या गुलाबी पलटणीने जंताच्या अंगावर जहर फेकिले, आणि खुद्द आतड्याने पीळ घातला, आणि जंत जिथे टेकायला जाई तिथे घसरे. रावांनी ऐनवेळी शेपूट सोडिले म्हणून बचावले. जंत मात्र दक्षिण दरवाज्याने गडगडत राज्याबाहेर गेला.

तात्पर्य, जो गिळवत नाही तो घसरवावा, आणि सारवणारीस हसू नये. मग भर चौकात प्रजा जमली, पोट धरून हसू लागली, राव कुरकुरले, "बाई, जरा बेताने हं, मिशी सोडून!" आणि बाईंनी सगळ्यांदेखत दोन्ही गाल, नाक आणि मिशी सढळ हाताने सारविली.