झरीच्या डब्याची पिन

रविवारी झरीचा डबा बंद पडायचा. म्हणून डहाणूच्या इंटरनेटच्या दुकानात नविनला रविवारी सुट्टी नव्हती. हा गावोगाव नेट पोचवणारा डबा दौलतच्या छपरावर होता. दौलतला नेट फुकट आणि डब्याची विजेची पिन कोणी काढायची नाही, असा करार होता. तरीही रविवारी डबा बंद. नविन बाइकवरून झरी गाठायचा, पिन लावायचा, दौलतच्या मुलीने, निलमने केलेला चहा प्यायचा आणि अंधार पडता पडता परतायचा. त्याने कधी कुरकुर केली नाही.

कुरकुर केली मालकाने, पेट्रोलवरून. "असं काहीतरी बसव," ऋषभभाई म्हणाले, "की डबा बंद पडला की छपरवाल्यालाच मेसेज जाईल. तो लावेल पिन. तू इथे बस."

नविनने काळ्या पडद्यावर कमांड टाइप केल्या. कुठल्या डब्यावर नजर ठेवायची, किती वेळ वाट बघायची, कोणाला कळवायचं. प्रत्येक डब्यापुढे त्याच्याच छपरवाल्याचा नंबर हवा होता. पण दुकानात दिवाळीच्या सुट्टीपासून हरवलेल्या पकडीपर्यंत सगळ्याला एकच ग्रुप असायचा. हाताच्या सवयीने त्याने इथेही एकच ग्रुप केला.

*झरी. दौलत. डबा बंद.*

हे त्या रविवारी गंजाडच्या बाबल्याला कळलं, वरोरच्या हिराबाईला कळलं, दुकानाच्या सगळ्या छपरांना कळलं. हिराबाईने दुकानातून नंबर घेऊन दौलतला फोन केला आणि आमच्याकडे लाइट आहे, असं कळवलं. बाबल्याने घरात कोणी आजारी नाही ना, ते विचारलं. दौलतने निमूटपणे पिन लावली.

*झरी. दौलत. डबा सुरू.*

ग्रुप चुकलाय, असं नविनने कबूल केलं. ऋषभभाई म्हणाले, राहू दे, लाजेने माणूस लवकर उठतो.

त्यानंतर दर रविवारी डबा बंद पडला की सगळ्यांना मेसेज जायचा आणि दौलत लगेच पिन लावायचा. झरीला जायचं कारणच संपलं. मग एक दिवस निलमचा फोन आला.

"येत का नाहीस?"

"डबा चालू आहे ना."

"मग मी पिन कशाला काढत होते?"

त्या डब्याचा अडॅप्टर नविनने दोनदा बदलला होता. व्होल्टेजबद्दल वीज कंपनीला अर्जही केला होता.

निलमने पुढचं सांगितलं. बाबा आता पिनेपाशी खाट टाकून बसतात. मामा पालघरचं एक स्थळ घेऊन येतोय. "तू बाबांशी बोलणार होतास. का तेपण मेसेजनेच कळवणार?"

काम नसताना मुलीच्या घरी जायचं कसं? काम निघायला डबा बंद पडायला हवा, आणि नविन पोचेपर्यंत दौलतला ते कळायला नको. यासाठीही कमांड होती. ठरवलेल्या वेळेत डबा बंद पडला तरी कोणाला कळवायचं नाही. त्याने झरी टाइप केलं, रविवार दुपार टाइप केली, कारण विचारलं तिथे 'देखभाल' लिहिलं. त्या वेळी दौलत जेवून झोपतो, हे निलमने सांगितलं होतं.

रविवारी दुपारी:

*…*

नविन भाषण पाठ करून झरीला पोचला. दौलत ओट्यावर जागा होता. शेजारी निलम, वेणी घातलेली, हातात पिन.

झालं होतं असं, की हिराबाईने फोन करून दौलतला उठवलं होतं. "दौलतभाऊ, रविवार असून मेसेज नाही तुमचा. बरं आहे ना घरात?" मग बाबल्याचा फोन, मग तलासरीहून दोन. खरंच काही झालं की काय, म्हणून दौलत डबा बघायला उठला होता.

"डबा बंद आहे," तो नविनला म्हणाला. "मेसेज का नाही आला?"

"मी थांबवला, काका."

"म्हणजे बंद पडणार हे तुला ठाऊक होतं."

नविनच्या भाषणाची सुरुवात अडॅप्टरपासून होती. त्याने तिथूनच सुरू केलं. तेवढ्यात दौलतचा फोन वाजला. पुन्हा हिराबाई. दौलतने फोन कानाला लावला, मुलीकडे पाहिलं, मग नविनकडे.

"नाही, लाइट आहे," तो म्हणाला. "पाहुणे आलेत, मुलगी बघायला." मग त्याने पलीकडच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. "एकटाच आलाय. आईबापाला आणायला परत पाठवतोय."