समोरच्याचा भाव

सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायचं तेव्हा दाजी दुकानात असायचे, पण दुकान सुरू झालेलं नसायचं. गोटीच्या सोड्याच्या बाटल्या ओल्या गोणपाटाखाली निजलेल्या, यंत्राचं चाक पुसून ठेवलेलं, आणि दाजी खडू हातात धरून भावाच्या पाटीपाशी उभे. पाटी मात्र कोरी.

"सोडा कितक्याक, दाजी?"

"हळू रे. भाव घाबारता."

एवढं बोलून ते गल्लीच्या पलीकडे बघत. पलीकडे संतूचं दुकान. तिथेही गोणपाट, तिथेही यंत्र, तिथेही कोरी पाटी, आणि संतूच्या हातात खडू. दोघे एकमेकांच्या पाटीकडे बघत उभे राहत आणि मधल्या गल्लीत तहानलेलं गिऱ्हाईक. कोणीतरी एकाने आकडा लिहिला की दुसरा सुटकेचा श्वास टाकून तोच आकडा लिही. मग कुठे मालवणच्या बंदरावरचा बाजार सुरू होई.

मी तेव्हा मसुऱ्याहून बदलून आलेला शाळामास्तर. दाजींच्या दुकानावरच्या माडीत भाड्याने राहायचो. खिडकीतून संतूची पाटी समोर दिसायची आणि वाकलं की दाजींचीही. मुलांना व्यवहारी अपूर्णांक शिकवायला जाण्याआधी हा तमाशा मी रोज फुकट बघत असे.

पूर्वी दोघांचं दुकान एकच होतं म्हणे. आगबोटीतून उतरलेल्या मुंबईकराला आणि गावच्या माणसाला एकच भाव असावा की दोन, यावरून वाद झाला. दाजी म्हणाले, मुंबईकराचा खिसा जाड, त्याला जास्त. संतू म्हणाला, तहान सगळ्यांची एकच. वाद एवढा पेटला की संतूने समोर गाळा घेतला आणि त्यानंतर दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. बोलायचं ते पाट्या बोलत.

आणि काय बोलत! संतूने एक दिवस भाव उतरवला की दाजी त्याहून खाली. संतू आणखी खाली. गावची मंडळी दुपारची जेवणं सोडून सोडा प्यायला येत. ढेकरांनी गल्ली भरून जाई. मग एखाद्या सकाळी दाजी उसासा टाकून जुना भाव लिहीत, समोरही जुना भाव उमटे, आणि गाव हिरमुसून घरी जाई. संतूने सोड्यात आलं घालायला सुरुवात केली, तेव्हा दाजींनी लिंबू आणलं. "आल्याची सोडा ती सोडा न्हय, काढो," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. रात्री दुकान बंद केल्यावर मात्र मला हळूच विचारत, "मास्तरांनू, तुमी पियालात काय ती? बरी लागता?"

नवे पैसे आले ते साल तर मी विसरणार नाही. सोडा तोवर एक आण्याला, आणि त्या जुन्या आण्याचे झाले सहा पैसे आणि वर पाव. पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणजे भाव सहा तरी हवा, नाही तर सात. दोन्ही पाट्या दिवसभर कोऱ्या राहिल्या. बोट येऊन गेली. दाजी एक हिरवट बाटली डोळ्यांशी धरून तिच्यातून समुद्राकडे बघत बसले. त्या काचेतून किल्ला पाण्याखाली गेल्यासारखा दिसतो, असं ते म्हणायचे. उन्हं कलली तेव्हा संतूने सात लिहिलं. दाजींनी न बघितल्यासारखं करून सात लिहिलं. त्या रात्री बाजाराने दोघांना मिळून एकच शिवी दिली.

दोन-तीन वर्षांनी, थंडी सरता सरता, संतूच्या पोटात दुखू लागलं. मुंबईहून मुलगा आला आणि त्याला इस्पितळात दाखवायला बोटीने घेऊन गेला. संतूचं दुकान बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी खडू घेऊन उभे राहिले. समोर नुसत्या फळ्या. दुपार झाली तरी दाजी उभेच.

"दाजी, आता बाजार तुमचोच," शेजारचा वाणी म्हणाला. "धा लावा. कोण इचारता?"

दाजींनी काही लिहिलं नाही. कोणी भाव विचारला तर "काय ता दी" म्हणत. लोक लाजेने जुन्या भावाहून जास्तच ठेवून जात, आणि दाजी त्या नाण्यांकडे ती दुसऱ्याची असल्यासारखं बघत.

"समोर कोण नाय," ते मला म्हणाले. "मगे माका कसा कळतला, माझा बरोबर की चूक?"

काही दिवस असे गेल्यावर एका संध्याकाळी त्यांनी मला सोबत घेतलं आणि संतूच्या घरी गेले. इतक्या वर्षांत त्यांनी ती पायरी चढली नव्हती. संतूची बायको पारूवहिनी दारात आली.

"वयनी, दुकानाची चावी दिया."

"तुमका कशाक?"

"फळयो बंद ऱ्हवल्यो काय वाळवी लागता."

 पारूवहिनी आत जाऊन चावी घेऊन आल्या. "कडी वायच अडाकता," त्या म्हणाल्या. "उचलून काढा."

दुसऱ्या दिवसापासून मालवणात दोन्ही दुकानं सुरू झाली आणि दोन्हींत दाजी होते. इकडे लिंबाचा सोडा देत आणि तिकडे कोणी उभं दिसलं की गल्ली ओलांडून आल्याचा सोडा द्यायला जात. तिकडचे पैसे संतूच्या गल्ल्यात पडत. इकडे सात लिहीत, तिकडे जाऊन जरा विचार करून सहा लिहीत. परत येऊन संतूची पाटी वाचत आणि खरोखर चिडत. मग इकडचे सहा होत आणि तिकडचे पाच. संतूच्या फळीवर बसले की "लिंबवाल्याची सोडा पाणचट" असं तेच गिऱ्हाइकांना सांगत. गाव हसलं. मीही हसलो. पण दाजींचा चेहरा पुन्हा निवळला होता, आणि दुपारच्या उन्हात गल्ली ओलांडणारा तो धोतरातला माणूस मला झोपेत चालल्यासारखा दिसे.

पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने संतू परत आला. मी बंदरावरून त्याच्या आणि मुलाच्या मागेच येत होतो. संतू निम्मा झाला होता. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून तो गल्लीत शिरला आणि आपल्या दुकानासमोर थांबला. दाजी आत होते. उठायचं की बसून राहायचं, ते त्यांना सुचेना.

संतूने आपली पाटी वाचली.

"पाच?" तो म्हणाला. "माझो भाव सात होतो."

"समोरच्यान सा केल्यान," दाजी म्हणाले. "मगे मी काय करू?"

संतूने वळून दाजींच्या रिकाम्या दुकानाकडे पाहिलं.

"तो समोरचो पयल्यापासून तसोच," तो म्हणाला.

दाजींनी सरकून फळीवर जागा केली. संतू बसला. मुलगा ट्रंक घेऊन घराकडे गेला. दाजींनी आल्याची एक बाटली काढली, गोटी दाबून फोडली आणि संतूच्या हातात दिली. संतूने घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि पुन्हा घोट घेतला.

तेवढ्यात बोटीवरचा कोणी पाहुणा पलीकडे दाजींच्या दुकानापाशी जाऊन उभा राहिला आणि टिचकीने बाटल्या वाजवू लागला. दाजी उठू लागले. संतूने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बस रे," तो म्हणाला. "येतलो तो समोरचो."